बूट घातल्याशिवाय दोष कळणार कसा?

ऑनलाइन घेतलेल्या बुटाचा सोल महिन्याभरात सुटला, की आपण आधी अ‍ॅप उघडून त्या ऑर्डरच्या पानावर जातो. तिथलं रिटर्नचं बटण एव्हाना गेलेलं असतं. त्याच्या जागी ‘परत करण्याची मुदत संपली आहे’ अशी एक ओळ असते. ती वाचून खूप जण अ‍ॅप बंद करतात, पैसे पाण्यात गेले असं समजतात आणि बूट कोपऱ्यात टाकून देतात. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या ओळीने ग्राहकाचा हक्क संपत नाही. तो संपला असा समज मात्र होतो, आणि हा समज विक्रेत्याच्या इतका सोयीचा आहे की तो दूर करायची घाई कोणालाच नसते.

गोंधळ होतो तो दोन वेगळ्या गोष्टी एका बटणात कोंबल्यामुळे. पहिली गोष्ट मन बदलण्याची. रंग फोटोत वेगळा वाटला होता, बूट पायाला घट्ट होतो किंवा घेतल्यावर नकोसाच झाला. अशा वेळी माल निर्दोष असतो, फक्त आपल्याला तो नको असतो. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशात अशा ऑनलाइन खरेदीसाठी १४ दिवसांची मुदत दिली आणि ब्रिटनमध्येही तेवढीच मुदत आहे. भारत किंवा अमेरिकेसारख्या देशांत ऑनलाइन खरेदीला असा सरसकट कायदेशीर हक्क नाही. तिथे विक्रेता स्वतःच्या धोरणाने ७ किंवा १० दिवस देतो. ती सवलत आहे, त्यामुळे न वापरलेला बूट, मूळ खोकं, लावलेला टॅग या अटी तो घालू शकतो. त्या मला अन्यायाच्याही वाटत नाहीत.

दुसरी गोष्ट दोषाची. इथे आपलं मन बदललेलं नसतं, आपल्याला बूट हवाच असतो. विक्रेत्याने जो माल देतो असं सांगितलं तो त्याने दिलेला नसतो. इथलं घड्याळ वेगळं चालतं. युरोपीय संघात १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार माल ताब्यात आल्यापासून किमान २ वर्षांत उघड झालेल्या दोषाला विक्रेता जबाबदार असतो. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात पहिले ३० दिवस माल सरळ नाकारून पूर्ण पैसे परत घेता येतात. त्यानंतर दुरुस्ती किंवा बदली मागता येते, आणि तो एक प्रयत्नही फसला तर माल पुन्हा नाकारता येतो. ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने दिवसांचा आकडाच घातलेला नाही. त्या प्रकारची वस्तू वाजवीपणे जेवढा काळ टिकायला हवी तेवढा काळ हमी चालते. भारताच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष असेल, नकली असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यासाठी तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं मिळतात, आणि ती स्वतः राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे करता येते. विक्रेता कुठे बसला आहे याने फरक पडत नाही.

एवढं सगळं कायद्यात असताना अ‍ॅपवरची एक ओळ माणसाला गप्प करते.

बुटाच्या बाबतीत हा प्रश्न जास्त टोकदार होतो, कारण बुटाचा दोष बुटावर दिसत नाही. फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये वस्तूंचे दोन प्रकार सांगितले होते. काही वस्तूंचा दर्जा विकत घेण्याआधी बघून, तपासून कळतो. काहींचा वापरल्यावरच कळतो. बुटात हे दोन्ही आहे. रंग, आकार, शिलाईची सफाई खोकं उघडताच दिसते. सोल टिकेल का, वरचं कातडं किंवा कापड घडीवर चिरेल का, आतलं अस्तर टाचेपाशी फाटेल का, हे चालल्यावरच कळतं.

आजचे बहुतेक बूट शिवलेले नसतात, चिकटवलेले असतात. वरच्या भागाची कड घासून खडबडीत करतात, सोलवर प्रायमर लावतात, दोन्हींवर चिकटद्रव्य लावून वाळवतात, मग उष्णता देऊन यंत्राखाली दाबतात. यातली एखादी पायरी चुकली, घासणं अपुरं राहिलं, साच्यातून सोल सुटावा म्हणून फवारलेलं रसायन पुसायचं राहिलं किंवा चिकटद्रव्य लावल्यावर जास्त वेळ गेला, तरी बूट बाहेरून अगदी ठीक दिसतो. खोक्यात असतानाही ठीक दिसतो, घरातल्या फरशीवर दोन फेऱ्या मारल्या तरी ठीकच दिसतो. खरी परीक्षा पावलाच्या पुढच्या फुगीर भागाखाली होते, कारण प्रत्येक पावलाला बूट तिथेच वाकतो. प्रयोगशाळांनाही हे माहीत आहे. वरचा भाग सोलला किती घट्ट धरून आहे हे तपासायला आयएसओ १७७०८, सोल वाकवून पाहायला आयएसओ १७७०७ आणि वरचं साहित्य वाकवून पाहायला आयएसओ १७६९४ अशी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. यंत्र तिथे नमुना पुन्हा पुन्हा वाकवतं आणि मग तडे, फाटी तपासल्या जातात. ग्राहकाकडे असं यंत्र नाही. त्याच्याकडे त्याचे पाय आहेत.

म्हणून ‘बूट वापरलेला दिसतो, त्यामुळे तक्रार घेता येत नाही’ हे उत्तर ऐकलं की मला संताप येतो. मन बदललेल्या माणसाला हे उत्तर देता येईल. युरोपच्या २०११ च्या निर्देशाच्या प्रस्तावनेतही म्हटलं आहे की ग्राहकाने माल दुकानात पाहिला असता तसाच हाताळावा. कपडा अंगात घालून पाहावा, वापरू नये. तरीही २०१९ मध्ये गादीच्या एका खटल्यात युरोपीय न्यायालयाने सांगितलं की गादीवरचं संरक्षक आवरण काढलं एवढ्याने माल परत करायचा हक्क जात नाही, कारण कपड्यासारखीच गादीही स्वच्छ करून पुन्हा विकता येते. म्हणजे नुसतं मन बदललं असतानाही घालून पाहण्याची मुभा कायदा मान्य करतो. दोषाच्या तक्रारीत तर वापर झालेला असणारच. सोल चालताना सुटला, तर बूट चाललेलाच असेल. ‘न वापरलेला’ ही अट इथे घातली तर दोषाची तक्रार करणंच अशक्य होतं, आणि जी अट पाळणं कोणालाच शक्य नाही तिला मी अट म्हणायला तयार नाही. तो नकारच आहे.

याहून अवघड एक प्रकार आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. नवाकोरा बूट पहिल्याच दिवशी पायाखाली चुरा होऊ शकतो. पुष्कळ बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हलका, लवचिक आणि सुरुवातीला चांगला टिकणारा पदार्थ. पण त्याचे काही प्रकार, विशेषतः पॉलिएस्टरवर आधारलेले, हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटत जातात. याला जलविघटन म्हणतात. बूट घाला किंवा न घाला, ही क्रिया चालूच राहते. उष्ण, दमट जागी पडून असेल तर अधिक वेगाने. म्हणून वर्षानुवर्षं गोदामात राहिलेला जोडा बाहेरून चकचकीत, टॅगसकट, खोक्यातल्या कागदात गुंडाळलेला असतो आणि चालायला लागल्यावर त्याच्या सोलचे तुकडे रस्त्यावर पडत जातात. हा ग्राहकाने केलेला बिघाड नाही. बूट कधी बनला, गोदामात किती काळ आणि कोणत्या हवेत राहिला, हे विक्रेत्याला ठाऊक असतं किंवा ठाऊक करून घेता येतं. घेणाऱ्याला फक्त ‘नवा’ एवढंच दिसतं. मोठ्या सवलतीत विकले जाणारे जुन्या मॉडेलचे जोडे याच कारणाने मला काळजीचे वाटतात. सवलतीला माझा विरोध नाही. बनवल्याचा महिना आणि वर्ष न सांगता सवलत देण्याला आहे.

इथून आपण खऱ्या वादाच्या मुद्द्यावर येतो, आणि तो म्हणजे सिद्ध कोणी करायचं. बूट सुटला हे उघड आहे. तो मुळात कच्चा होता की माणसाने नीट वापरला नाही, हे ठरवायचं कसं आणि पुरावा कोणी आणायचा? बऱ्याच कायद्यांनी याचं उत्तर मुदत घालून दिलं आहे. ब्रिटनमध्ये ६ महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो माल देतानाच होता असं धरून चालतात. तसं नव्हतं हे विक्रेत्याने दाखवायचं. युरोपीय संघात १९९९ च्या निर्देशात हीच मुदत ६ महिन्यांची होती, २०१९ च्या निर्देशाने ती १ वर्षाची केली आणि सदस्य देशांना ती २ वर्षांपर्यंत वाढवायची मोकळीक दिली. २०१५ मध्ये युरोपीय न्यायालयाने एका जुन्या मोटारीच्या खटल्यात हे आणखी स्पष्ट केलं. बिघाड मुदतीत दिसला एवढं ग्राहकाने दाखवायचं, त्याचं कारण काय आणि ते विक्रेत्याकडूनच आलं का, हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर नाही.

हा विचार अलीकडचा नाही. प्राचीन रोममध्ये बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी गुलाम आणि जनावरं विकणाऱ्यांना लपलेले दोष आधीच सांगायला बांधील केलं होतं. दोष लपला असेल तर घेणाऱ्याला ६ महिन्यांत सौदा रद्द करता येत असे आणि किंमत कमी करून मागायला वर्षभर मिळत असे. माणसांची विक्री करणारी ती व्यवस्था घृणास्पद होती, यात दुमत नाही. पण बाजारात लपलेल्या दोषाचा भार कोणावर टाकायचा, हा प्रश्न त्यांनी ओळखला होता. माहिती विकणाऱ्याकडे असते, म्हणून जबाबदारीही त्याची.

बुटाच्या बाबतीत ही माहिती किती एकतर्फी असते ते पाहा. एकाच तुकडीतल्या किती जोड्यांबद्दल ‘सोल सुटला’ अशी तक्रार आली, हे विक्रेत्याला दिसतं. कारखान्याने चिकटद्रव्य बदललं होतं का, त्या तुकडीची चाचणी झाली होती का, हे तो विचारू शकतो. ग्राहकाला त्याचा एक जोडा दिसतो आणि चॅटवर एक अनोळखी माणूस, किंवा माणूसही नाही, त्याला सांगतो की हा दोष वापरामुळे झाला आहे. फोटो पाहून दोन मिनिटांत हे ठरतं कसं? ज्या दोषाचं निदान चाचणीशिवाय होत नाही तो माल प्रयोगशाळेत पाठवण्याची तरतूद भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे, पण त्याचं शुल्क आधी तक्रारदाराला भरायला सांगता येतं. एका जोड्यासाठी कोण हे करेल? माणूस दमतो आणि सोडून देतो. म्हणून जिथे ग्राहकाच्या बाजूने धरून चालण्याची ठरावीक मुदत कायद्यात नाही, तिथे कागदावरचा हक्क चपला-बुटांसारख्या रोजच्या वस्तूंपर्यंत पोहोचत नाही. मोटार किंवा घर घेणारा लढेल. बूट घेणारा लढणार नाही, आणि हे विक्रेत्याला पक्कं माहीत असतं.

यावर व्यापाऱ्यांची बाजू आहे आणि ती ऐकून घ्यायला हवी. काही लोक एखाद्या समारंभापुरता जोडा मागवतात, घालतात आणि परत पाठवतात. काही जण बूट कपड्यांच्या मशीनमध्ये धुतात, ओले झाले की हीटरपुढे वाळवतात आणि मग सोल सुटला म्हणतात. परत आलेला जोडा पुष्कळदा नवा म्हणून विकता येत नाही, त्याची ने-आण, तपासणी, पुन्हा बांधणी यांचा खर्च शेवटी सगळ्याच गिऱ्हाइकांवर पडतो, आणि त्यातला काही माल कचऱ्यातही जातो. हे सगळं खरं आहे. पण यातली पहिली लबाडी मन बदलण्याच्या सवलतीचा गैरफायदा आहे, दोषाच्या तक्रारीचा नाही. ती थांबवायची तर त्या सवलतीच्या अटी कडक करा. सुटलेला सोल दाखवणाऱ्या माणसाला त्या लबाडाच्या रांगेत उभं करू नका.

दुसऱ्या लबाडीचं उत्तर बुटातच असतं. चिकटलेला जोड एका बाजूने स्वच्छ सुटला, चिकटद्रव्याचा सगळा थर एकाच पृष्ठभागावर राहिला आणि दुसरा कोरा निघाला, तर मुळात चिकटलंच नव्हतं असा संशय घ्यायला जागा असते. सोलचं साहित्यच फाटून आलं असेल तर गोष्ट वेगळी. टाचेची बाहेरची कड घासली गेली असेल तर ती चालण्याची झीज. शिवणीचा धागा ओढून तुटला की कापला गेला, हेही जाणत्याला ओळखता येतं. बूट दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेला कारागीर जोडा हातात घेऊन पाच मिनिटांत जे सांगेल, ते फोटो पाहणाऱ्या चॅटवाल्याला सांगता येणार नाही. व्यापाऱ्यांना फसवणूक खरोखर थांबवायची असेल तर त्यांनी जोडा हातात घेऊन तपासणारी माणसं ठेवावीत. सरसकट नाकारणं स्वस्त पडतं, म्हणून ते नाकारतात.

झीज आणि दोष यातला फरक मात्र ग्राहकानेही प्रामाणिकपणे मानला पाहिजे. धावायच्या बुटाची गादी साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बसते असं धावणारे लोक धरून चालतात. तो दोष नाही, तिचं काम झालेलं असतं. रोज घातलेल्या बुटाचा तळ वर्षभराने गुळगुळीत झाला तर विक्रेत्याकडे बोट दाखवता येणार नाही. खऱ्या चामड्याला सुरकुत्या पडतातच. पण ‘चामडं’ म्हणून घेतलेल्या बुटाची वरची पातळ पापडी सोलून खालचं कापड दिसायला लागलं, तर ती झीज नव्हे. तिथे वर्णनच खोटं होतं. युरोपात १९९४ च्या निर्देशापासून बुटाचा वरचा भाग, अस्तर आणि आतला तळवा, आणि बाहेरचा सोल, हे प्रत्येकी कशाचे आहेत हे खुणांनी किंवा शब्दांनी सांगावं लागतं. दुकानात ही खूण जोड्यावर दिसते. ऑनलाइन मात्र पुष्कळदा ‘प्रीमियम मटेरियल’ असा पोकळ शब्द येतो, आणि नंतर वाद घालायला हाती काहीच उरत नाही.

मापाचंही थोडं असंच. मापाची एकच पद्धत जगभर चालत नाही. युरोपीय मापात एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, इंग्लिश मापात एक तृतीयांश इंच, आणि मिलिमीटरमध्ये पावलाची लांबी सांगणारी आयएसओ ९४०७ ची पद्धत वेगळीच. त्यामुळे नेहमीच्या नंबरचा बूट घट्ट झाला तर त्याला दोष म्हणता येणार नाही. पण विक्रेत्याच्या पानावरच्या तक्त्यात एक लांबी दिली आहे आणि आलेला जोडा मोजल्यावर वेगळाच निघतो, किंवा डावा आणि उजवा एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा सांगितलेला माल मिळालेला नसतो. ‘साइज इश्यू’ असा पर्याय निवडायला लावून विक्रेता ही तक्रार मन बदलण्याच्या खात्यात टाकतो. तिथे ती टाकू देऊ नये.

स्वस्त बुटांबद्दल एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो मला सगळ्यांत जास्त खटकतो. ‘एवढ्या किमतीत आणखी काय अपेक्षा करता?’ दर्जा ठरवताना किंमत लक्षात घ्यावी असं कायदेही म्हणतात. ब्रिटनचा कायदा वर्णन, किंमत आणि इतर परिस्थिती या तिन्हींवरून समाधानकारक दर्जा ठरवतो. पण त्याच कायद्यात टिकाऊपणा आणि सुरक्षितता हे दर्जाचे भाग म्हणून सांगितले आहेत. कमी किमतीत कातड्याऐवजी कृत्रिम साहित्य येईल, गादी पातळ असेल, शिवण साधी असेल, हे समजण्यासारखं आहे. सोल बुटाला धरून राहणार नाही, हे कोणत्याच किमतीत समजण्यासारखं नाही. चालता येणं ही बुटाची चैन नाही, ते त्याचं काम आहे. आणि स्वस्त जोडा कोण घेतं? ज्याच्याकडे दुसरा जोडा नाही तो. दिवसभर उभं राहून काम करणारा, सामान पोचवणारा, शाळेत पायी जाणारं मूल. त्याचा बूट तुटला तर तो उद्या काय घालून जाणार, हा प्रश्न त्याच दिवशीचा असतो. महाग जोडा घेणाऱ्याला तक्रारीचं उत्तर यायची वाट पाहता येते. हक्काची सर्वांत जास्त गरज ज्याला आहे, त्यालाच ‘स्वस्तात घेतलंत’ म्हणून तो नाकारायचा, हे मला कुठल्याच तर्काने पटत नाही. चिकटलेला सोल जिन्यावर अर्धवट सुटला तर माणूस पडतो. तिथे किमतीचा काय संबंध?

मग प्रश्न येतो की दाद कोणाकडे मागायची. ऑनलाइन बाजारात ही सगळ्यांत निसरडी जागा आहे. फोटो, पैसे, डिलिव्हरी, अगदी रिव्ह्यूसुद्धा प्लॅटफॉर्मच्या हातात असतात. जाहिरातीत त्याचंच नाव असतं आणि माणूस त्याच्यावर विश्वास ठेवून विकत घेतो. तक्रार केली की मात्र प्लॅटफॉर्म बारीक अक्षरातल्या विक्रेत्याकडे बोट दाखवतो. विक्रेता कधी उत्तर देत नाही, कधी त्याचं दुकान बंद झालेलं असतं, कधी तो दुसऱ्या देशात असतो. कायदा इथे हळूहळू पुढे येतो आहे. २०१६ मध्ये युरोपीय न्यायालयाने म्हटलं की मध्यस्थाने आपण फक्त मध्यस्थ आहोत आणि खरा मालक एक खाजगी माणूस आहे हे ग्राहकाला नीट सांगितलं नाही, तर त्यालाच विक्रेता मानता येईल. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने प्लॅटफॉर्मना व्यापाऱ्यांची ओळख आणि संपर्क तपासून ठेवायला सांगितलं आहे. भारताच्या २०२० च्या नियमांत तक्रार अधिकारी नेमणं, ४८ तासांत तक्रारीची पोच देणं आणि एका महिन्यात तिचा निपटारा करणं बंधनकारक आहे. पण ‘निपटारा’ म्हणून तिकीट बंद केल्याचा ईमेल पाठवला की काम संपलं, असं मानणाऱ्या व्यवस्थेत हे आकडे पुरेसे नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: पैसे ज्याने घेतले त्याने आधी ग्राहकाला ते परत द्यावेत आणि मग विक्रेत्याकडून वसूल करावेत. विक्रेत्याला शोधायची ताकद प्लॅटफॉर्मकडे आहे, ग्राहकाकडे नाही.

पैसे परत म्हणजे ज्या मार्गाने दिले त्याच मार्गाने परत, हेही सांगावं लागतं. अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये टाकलेली रक्कम किंवा पुढच्या खरेदीवरचं कूपन म्हणजे परतावा नव्हे. माल नाकारला तर पैसे त्याच मार्गाने द्यावेत असं ब्रिटनचा कायदा सांगतो. दुसरा मार्ग ग्राहकाने स्वतःहून मान्य केला तरच. घाईत ‘स्वीकारा’ दाबून आपण तो मान्य करून बसतो.

दुरुस्तीकडेही मला वेगळ्या नजरेने बघावंसं वाटतं. सुटलेल्या सोलचा जोडा शेकडो किलोमीटर परत पाठवून नष्ट करणं आणि नवा पाठवणं हा बहुतेक वेळा मूर्खपणाचा खर्च आहे. जवळच्या कारागिराकडून सोल शिवून घ्यावा आणि त्याचं बिल विक्रेत्याने द्यावं, ही सोय ग्राहकाच्या संमतीने का असू नये? ग्राहकाचा जोडा त्याच दिवशी पायात येईल, कारागिराला काम मिळेल आणि माल कचऱ्यात जाणार नाही. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात दुरुस्ती निवडणाऱ्या ग्राहकाची हमी १ वर्षाने वाढवायचं ठरवलं आहे. हा विचार योग्य दिशेने जाणारा आहे. फक्त दुरुस्ती ग्राहकाने निवडायची असते, त्याच्या गळ्यात मारायची नसते. पहिल्या आठवड्यात उखडलेल्या बुटाला ‘शिवून घ्या’ म्हणणं ही दुरुस्ती नव्हे, ती टाळाटाळ आहे.

हे सगळं बदलेपर्यंत ग्राहकाने काही गोष्टी कराव्यात. सोल सुटलेला दिसताच बूट घालणं थांबवा आणि स्वतः डिंक किंवा सोल्यूशन लावू नका. एकदा चिकटवला की मूळ दोषाचा पुरावा गेला. सुटलेल्या जागेचे जवळून, उजेडात फोटो काढा, सोलचा तळही दाखवा म्हणजे झीज किती कमी आहे हे दिसेल. बिल आणि उत्पादनाच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, कारण ते पान उद्या बदलू शकतं. तक्रारीत ‘रिटर्न हवं आहे’ असं न लिहिता ‘माल सदोष आहे’ असं लिहा, दोष कधी दिसला ती तारीख घाला आणि बदली, दुरुस्ती की पैसे, काय हवं ते एका वाक्यात मागा. चॅटवर बोलणं झालं तरी तेच ईमेलने पुन्हा पाठवा. कार्डाने पैसे दिले असतील आणि विक्रेता गप्प बसला तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे व्यवहाराला हरकत घेता येते; त्यांची स्वतःची मुदत असते, ती लवकर पाहून घ्या. रिव्ह्यूही लिहा, पण ‘घाण माल’ एवढंच नको. किती दिवस वापरला, कुठून सुटला, हे लिहिलं तर पुढच्याला त्याचा उपयोग होतो.

पण ग्राहकाच्या सावधपणावर ही व्यवस्था सोडून देणं योग्य नाही. प्लॅटफॉर्मनी करायला हवेत असे दोन बदल अवघड नाहीत. पहिला, ‘दोष कळवा’ हे बटण ‘रिटर्न’पासून वेगळं असावं, कायद्याने हमी असेल तितके दिवस ते ऑर्डरच्या पानावर दिसत राहावं, आणि परत करण्याची मुदत संपल्याच्या ओळीखाली लिहावं की सदोष मालाचा हक्क अजून चालू आहे. दुसरा, प्रत्येक जोड्याच्या पानावर तो बनल्याचा महिना, वर्ष आणि तिन्ही भागांचं साहित्य विकत घेण्याआधी दिसावं. जो विक्रेता नंबर, रंग आणि सवलतीची टक्केवारी पानावर दाखवू शकतो, त्याला हेही दाखवता येतं. कायदे करणाऱ्यांकडे मागणी तिसरी आहे: पादत्राणांसारख्या रोजच्या वापराच्या वस्तूंमध्ये पहिल्या ६ महिन्यांत दिसलेला दोष मुळातला आहे असं धरावं, आणि तसं नसल्याचं विक्रेत्याने जोडा प्रत्यक्ष तपासून, लेखी कारण देऊन दाखवावं. ते लेखी कारण ग्राहकाच्या हातात पडलं, की आयोगापुढे त्याच्याकडे दाखवायला काहीतरी असेल. आज त्याच्याकडे फक्त बंद झालेलं तिकीट असतं.